घरातील संगणकांचा शेजारधर्म

एका घरात दोन संगणक आले, की पेनड्राइव्हची ये-जा सुरू होते आणि एकाच निबंधाच्या तीन प्रती तीन ठिकाणी पडून राहतात. त्यांतील अखेरची कोणती, हे लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही. वास्तविक घरच्या राउटरमुळे हे संगणक शेजारी झालेलेच असतात. उणीव असते ती बोलाचालीची.

ही बोलाचाल ज्या नियमांनी चालते त्यांस एसएमबी म्हणतात. विंडोजची भाषा हीच. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिचा व्यवहार बारकाईने न्याहाळून युनिक्ससाठी तशीच बोलणारी आज्ञावली रचली. ही तीन अक्षरे ज्यात येतात असा शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला व तिला 'सांबा' हे नाव मिळाले. आपल्या भोळ्या सांबाशी तिचे काही नाते नाही! लिनक्सचा संगणक आज विंडोजशेजारी सुखाने नांदतो तो मात्र तिच्याच कृपेने.

फायली देणाऱ्या संगणकास आपण यजमान म्हणू. विंडोजमध्ये त्याच्या जोडणीचा प्रकार 'प्रायव्हेट' ठेवावा. 'पब्लिक' ठेवल्यास तो स्वतःस झाकून घेतो. रेल्वे स्थानकावर हे शहाणपणाचे, घरी मात्र अडचणीचे. सबंध डिस्क खुली न करता एकच फोल्डर सामायिक करावा आणि यजमानावर त्यासाठी सांकेतिक शब्दासह निराळे खाते उघडावे. पुष्कळ जण येथेच अडतात, कारण ते रोजचा चार अंकी पिन देऊन पाहतात. तो पिन ज्या त्या यंत्रापुरता असतो; शेजाऱ्याकडून तो स्वीकारला जात नाही.

'एसएमबीची पहिली आवृत्ती चालू करा, म्हणजे झाले' असा सल्ला कोणी देईल. तो आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नामक उपद्रवी आज्ञावली त्याच आवृत्तीतील दोषामुळे जगभर पसरली व ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम तिने ठप्प केले. जुन्या पुस्तकांतील 'होमग्रूप'ही शोधू नये. २०१८ मध्ये विंडोज १० मधून ती सोय काढून टाकण्यात आली.

आता विश्वसनीयतेचा प्रश्न. यजमान काल दिसत होता आणि आज दिसत नाही, याची कारणे बहुधा दोन. एक, तो झोपी गेलेला असतो. वीजविषयक मांडणीत त्याची निद्रा बंद करावी. दुसरे, राउटर पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो, आणि मुदतीनंतर पत्ता बदलू शकतो. राउटरमध्येच यजमानासाठी एक पत्ता राखून ठेवावा, समजा १९२.१६८.१.२०. मग यादीत नाव दिसो वा न दिसो, दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे तो पत्ता लिहिताच दार उघडते. शक्य तेथे तारेनेच जोडावे; गिगाबिट तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, आणि भिंत आड आली म्हणून तिचा वेग मंदावत नाही.

एक गोष्ट मात्र घरातील सर्वांस आधीच सांगून ठेवावी. दुसऱ्या संगणकावरून या फोल्डरातील फाइल पुसली, तर ती सहसा 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, ती गेलीच. आजीआजोबांची छायाचित्रे तेथे ठेवणार असाल, तर त्यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर असू द्यावी, आणि ती डिस्क एरवी काढून कपाटात ठेवावी.