मेहरूणचे शंभर दिवस

२८ मार्च २०२० ला जळगाव जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण निघाला, तो शहरातल्या आमच्या मेहरूणचा. बोरं आणि तलाव ही ज्याची ओळख, त्या मेहरूणचं नाव एका रात्रीत भीतीनं घेतलं जाऊ लागलं. त्याच्या सहाच दिवस आधी, २२ मार्चच्या संध्याकाळी, आम्ही गच्चीवर उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी थाळ्या वाजवल्या होत्या. पाच मिनिटांत थाळ्या मांडणीवर परत गेल्या. मे-जूनमध्ये जळगावचा मृत्युदर देशातल्या सर्वाधिक दरांपैकी एक होता. तेव्हा त्या थाळ्यांची आठवण टोचत राहिली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडमधले टॉम मूर हे माजी सैनिक वॉकर धरून स्वतःच्या बागेत चालत होते. शंभराव्या वाढदिवसाआधी शंभर फेऱ्या आणि आरोग्य सेवेसाठी एक हजार पौंड, एवढाच त्यांचा संकल्प. जमले तीन कोटी पौंडांहून जास्त. ती बातमी मी कापून ठेवली होती.

सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दारात आल्या. कपाळासमोर थर्मल गन, बोटाला ऑक्सिमीटर, वहीत नोंद, की पुढचं दार. आईनं पाणी दिलं तर मास्क काढायला नको म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. निघताना त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेनं जोडलेला होता. सरकारी भाषेत आशांना ‘स्वयंसेविका’ म्हणतात. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. शहरात साधारण हजार ते अडीच हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि ती सगळी वस्ती पायीच पालथी घालायची.

१ नोव्हेंबरला मी ठरवलं: शंभर दिवस, रोज दहा किलोमीटर, तलावाकाठी पळायचं. ओळखीच्यांनी आशाताईंसाठी किलोमीटरमागे एक रुपया द्यायचा. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. डिसेंबरच्या थंडीत पहाटे पाण्यावरची वाफ अंगावर यायची, जानेवारीत बोरं पिकली. रोज सकाळी त्यांना किलोमीटरचा आकडा कळवला की कुणी तरी विचारायचं, “आशाताईंसाठीच ना?” थाळ्यांनी पाच मिनिटं केलेली आठवण या आकड्यानं शंभर दिवस जागी ठेवली. माझ्या लेखी पळण्याची खरी कमाई ती. ९५व्या दिवशी सकाळी टॉम मूर गेल्याची बातमी वाचली. त्या दिवशी एक फेरी जास्त मारली.

८ फेब्रुवारी २०२१ ला हजार किलोमीटर पूर्ण झाले. रक्कम लहानच होती. काय घ्यायचं हे आम्ही ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, बूट द्या.” पण कायम चपलाच वापरलेल्या, त्यामुळे बुटाचा नंबर बऱ्याच जणींना माहीत नव्हता. मग अंगणात वर्तमानपत्रं पसरली, एकेकीनं पाऊल ठेवलं आणि माझ्या बहिणीनं पेन्सिलीनं कडा आखल्या. ती पावलं घेऊन आम्ही दुकानात गेलो. टाचांच्या भेगांमुळे एकीनं मोजे मागितले, मग सगळ्यांसाठीच घेतले. मार्चमध्ये दुसऱ्या लाटेनं शहर पुन्हा बंद झालं, तेव्हा ते बूट घालूनच आशाताई गल्ल्या फिरत होत्या.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. मार्च २०२४ मध्ये राज्यानं पाच हजारांची वाढ दिली. आमच्या हजार किलोमीटरांतून असं काही घडलं नसतं, घडूही नये. वर्गणीतून बूट येतात. पगार हा हक्क आहे, तो सरकारनंच द्यायचा.

आज तलावाकाठी पळणाऱ्यांची गर्दी असते. जळगाव रनर्स ग्रुपच्या ‘खान्देश रन’मुळे एकवीस किलोमीटर इथल्या घराघरांत ओळखीचे झाले आहेत. माझ्या मनगटावरचं घड्याळ पावलन् पाऊल मोजतं. आशाताईंच्या वहीत घरं मोजली जातात, ताप मोजला जातो, चाललेलं अंतर लिहायला रकानाच नाही. ती वर्तमानपत्रं मी अजून जपून ठेवली आहेत. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्यात, पण त्यांवर लिहिलेले बुटांचे नंबर वाचता येतात. बूट आता झिजलेत. येत्या १ नोव्हेंबरला पुन्हा पळायला सुरुवात करतो आहे.