जुना टॅब अपडेट करण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा नववीतली माझी मुलगी अम्मींचा आयपॅड घेऊन माझ्यापुढे आली. "मम्मी, अभ्यासाचं अॅप यात उतरतच नाही. आयओएस १२ हवं म्हणतंय. अपडेट करू का?" बोट बटणावर टेकलेलंच होतं. मी म्हटलं, "थांब जरा!"

माझ्या घाबरण्याला कारण होतं. आमच्या शाळेत मिळालेले टॅब असेच एका शनिवारी अपडेट केले. सोमवारी हजेरी भरायला बसलो, तर एक पान उघडेपर्यंत निम्मा वर्ग बोलून व्हायचा. हा निव्वळ आपला वहीम नव्हे. अपडेटनंतर फोन मंदावतात आणि ग्राहकाला तसं नीट सांगितलं जात नाही, या कारणावरून इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेनं २०१८ मध्ये अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता.

पण 'जुनं यंत्र कधी अपडेट करूच नये' असं म्हणून बसणंही बरोबर नाही. अम्मींचा आयपॅड एअर २०१३ चं मॉडेल, कुवेतहून भाईजाननी आणलेला. त्यावर आयओएस १०.३.३ होतं आणि तो १२.५.७ पर्यंत जाऊ शकत होता. आयओएस १२ आलं २०१८ मध्ये, आणि जुनी यंत्रं जास्त वेगानं चालावीत हाच त्या आवृत्तीचा एक मुख्य हेतू होता. म्हणजे वेगाची भीती इथे फारशी नव्हती. शिवाय १२.५.७ ही दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्ये दिली गेली, ती ब्राउझरशी संबंधित अशा एका त्रुटीसाठी जिचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारी होत्या. जुन्या आवृत्तीवर राहणं म्हणजे दाराची मोडकी कडी माहीत असून तशीच ठेवणं. अम्मी त्यावर बँकेचं काही करत नाहीत, पण नातवंडं कुठे काय उघडतील याचा नेम नाही.

मग अडलं कुठे? अडलं अब्बांच्या आवाजापाशी.

मरहूम अब्बांनी तरुणपणी मालवाहू जहाजावर नोकरी केली. शेवटच्या दोन वर्षांत, नजर अधू झाल्यावर, भाईजाननी त्यांना एक रेकॉर्डिंगचं अॅप उतरवून दिलं होतं. लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. एडनचं बंदर, इंजिनरूमची उष्णता, अम्मींना पाठवलेलं आणि कधी पोचलंच नाही ते पत्र. सगळं त्यात आहे. एकूण ४१ फायली. अम्मी रात्री ऐकत झोपतात.

ते अॅप ३२-बिटचं निघालं. प्रोसेसर एका वेळी किती मापाची माहिती हाताळतो, त्याची ३२ आणि ६४ ही दोन मापं. आयओएस १० वर दोन्ही मापांची अॅप्स चालत. २०१७ च्या आयओएस ११ पासून ३२-बिटची अॅप्स उघडणं बंद झालं. बनवणाऱ्यानं अॅप सुधारून दिलं असेल तर ठीक, नाहीतर चिन्ह दिसतं आणि आतलं हाती लागत नाही. आयओएस १०.३ वर हे आधीच पाहता येतं: सेटिंग्ज, जनरल, अबाउट आणि मग अॅप्लिकेशन्स. तिथे न चालणाऱ्या अॅप्सची यादी असते. आमच्या यादीत अब्बांचं अॅप सर्वांत वर.

आणि एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. आवृत्ती बसवताना आयपॅड कंपनीच्या सर्व्हरची मंजुरी घेतो, आणि जुन्या आवृत्तीला ती मिळत नाही. मुलीचं बोट एवढंसं पुढे सरकलं असतं तर...!

भाच्याचा लॅपटॉप मागवला. आयट्यून्समध्ये आयपॅड जोडल्यावर 'फाइल शेअरिंग' नावाची जागा असते. ज्या अॅपनं परवानगी दिली आहे, त्याच्या फायली तिथून संगणकावर घेता येतात. सुदैवानं या अॅपनं दिली होती. सगळ्या ४१ फायली उतरवल्या आणि एकेक उघडून ऐकली. हे ऐकणं टाळू नका. फाईल दिसते म्हणजे ती वाजतेच असं नाही. आमच्या तीन फायली अर्धवट निघाल्या. त्या टॅबवरही तशाच होत्या, अब्बांना बोलता बोलता झोप लागलेली. मग एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भाईजानना.

हे करण्यात दोन दिवस गेले. मुलगी कंटाळली, पण सोळाव्या फायलीपासून तीही शेजारी येऊन बसली.

तरीही बटण मी दाबलं नाही. टॅब अम्मींचा, विचारायचं त्यांना. त्यांनी बराच वेळ तो मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आवाज राहिला ना? मग पोरीचा अभ्यास अडवू नको." भरलेल्या १६ जीबीत जागा पुरेना, म्हणून अपडेट लॅपटॉपमधूनच केलं, त्याला टॅबवर कमी मोकळी जागा लागते. चार्जर लावलेलाच ठेवला.

अभ्यासाचं अॅप उतरलं. टॅब पूर्वीइतकाच चालतो, किंचित बराच म्हणेन. अब्बांच्या फायली आता अम्मींच्या फोनवर आहेत. जुन्या अॅपचं चिन्ह तेवढं टॅबवर तसंच आहे, दाबलं की उघडत नाही. मी ते काढायला गेले तर अम्मी म्हणाल्या, "राहू दे तिथे."