धातूच्या पोटातलं भोक

माझे वडील काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये फिटर होते. माझी नोकरी फौंड्रीतल्या ओतीव भागांच्या तपासणीत गेली. एक्स-रे फिल्मवर ब्लोहोल, म्हणजे धातूत कोंडलेल्या वायूचं भोक, दिसला की भाग बाद. आमच्या अभ्युदयनगरातली इंजिनिअरिंगची पोरं आता विचारतात, "काका, थ्रीडी प्रिंटिंगमध्ये ओतकामच नाही, मग ब्लोहोल येईल कुठून?"

येतो. कसा, ते सांगतो. 9 मे 2024 रोजी इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं प्रिंट केलेलं इंजिन 665 सेकंद चालवलं. आधी 14 भाग जोडून होणारं इंजिन एकसंध झालं, 19 वेल्ड वाचले. मला त्याचा अभिमान आहे. पण तपासनीसाच्या नजरेने पाहा: ते वेल्ड गेले खरे, पण आता प्रत्येक थर हाच एक वेल्ड झाला.

यंत्र धातूच्या भुकटीचा केसाहून पातळ थर पसरतं, लेसर हवा तेवढाच भाग वितळवतो, मग त्यावर पुढचा थर. असे हजारो. लेसरची ताकद कमी पडली किंवा तो फार वेगाने फिरला, तर थर एकमेकांत मुरत नाहीत आणि मध्ये चपटी, टोकदार कडांची फट राहते. ताकद जास्त झाली तर धातू उकळतो, वाफेच्या दाबाने खोल, अरुंद खड्डा पडतो आणि तो ढासळताना तळाशी बुडबुडा कोंडला जातो. काही वेळा दोष भुकटीतच असतो. दाण्यांत आरगॉन अडकलेला असतो, किंवा ॲल्युमिनियमच्या भुकटीला दमट हवा लागलेली असते आणि त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात भुकटीचा डबा उघडा टाकणाऱ्याला मी यंत्राजवळ फिरकू देणार नाही.

गोल बुडबुडा त्यातल्या त्यात बरा. टोकदार फट पृष्ठभागाजवळ असली, की वारंवार पडणाऱ्या ताणाने तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून "भाग 99.9 टक्के भरीव आहे" या दाखल्यावर माझं समाधान होत नाही. उरलेला 0.1 टक्का कुठे आहे आणि कसा आहे, ते सीटी स्कॅनमध्ये दिसतं.

उपाय आहे. टायटॅनियमचा भाग आरगॉनमध्ये सुमारे 920 अंश सेल्सिअसला, हवेच्या हजारपट दाबाखाली काही तास ठेवतात. आतली बहुतेक भोकं मिटतात. पृष्ठभागावर उघडणारं भोक मात्र मिटत नाही, कारण दाबाचा वायू त्यातच शिरतो. आत आरगॉन कोंडलेला असेल, तर नंतरच्या तापवण्यात मिटलेलं भोक पुन्हा फुगू शकतं.

सगळीच भोकं वाईट नसतात. हाडात बसवायच्या इम्प्लांटवर मुद्दाम सच्छिद्र थर देतात, हाड त्यात वाढावं म्हणून. ती छिद्रं आराखड्यातली असतात. आराखड्यात नसलेलं एकही भोक मला चालत नाही.

या धंद्यात उतरणाऱ्या पोरांनो, भाग ताब्यात घेताना घनतेच्या आकड्यावर सही करू नका. स्कॅन मागा, आणि तो स्वतः बघा.