पहिली चूक

वणीच्या बाजारात एका दुकानासमोर सायकल उभी आहे. तिला कुलूप नाही. १५ वर्षांचा एक मुलगा येतो, इकडेतिकडे पाहतो आणि सायकल घेऊन पसार होतो. दुसऱ्या दिवशी निर्गुडा नदीच्या पुलाजवळ तो सापडतो. ही गोष्ट खरी नाही, तुम्हांला समजावे म्हणून रचली आहे. पण असे प्रत्येक गावात कधी ना कधी घडते. आता पुढे काय होईल? तुम्ही म्हणाल, पोलीस त्याला बेड्या घालतील, कोठडीत टाकतील आणि त्याच्यावर खटला चालेल.

यांतले काहीच होणार नाही. १८ वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात वेगळा कायदा आहे. सध्याचा बाल न्याय अधिनियम २०१५ सालचा आहे. त्यात अशा मुलाला 'गुन्हेगार' म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द उच्चारायला जड आहे. अर्थ एवढाच, की या मुलाचा कायद्याशी खटका उडाला आहे.

मुलाला बेडी घालता येत नाही आणि कोठडीतही ठेवता येत नाही. त्याच्याशी बोलणारा पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत असावा, असा नियम आहे. गुन्हा लहान असेल तर एफआयआर न लिहिता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करतात. आईवडिलांना कळवतात आणि बहुधा मुलगा जामिनावर घरी जातो. (जामीन, वकील, फिर्याद हे शब्द मराठीने तुमच्याच भाषेच्या घरातून घेतले आहेत!)

मग परिवीक्षा अधिकारी चौकशी करतो. मुलाच्या घरी कोण कमावते, तो शाळेत जातो का, त्याची संगत कशी आहे, हे सारे तो लिहून काढतो. हा अहवाल बाल न्याय मंडळापुढे जातो. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. हे मंडळ न्यायालयाच्या आवारात भरत नाही. तेथे उंच आसन नसते आणि आरोपीचा पिंजराही नसतो. लहान गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत संपवावी लागते. फार तर आणखी २ महिने मिळतात. तेवढ्यातही ती झाली नाही, तर प्रकरण बंद होते.

मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते. त्याच्या आईवडिलांना दंड करू शकते. चांगल्या वागणुकीच्या हमीवर त्याला आईवडिलांच्या हाती सोपवू शकते. किंवा त्याला समाजसेवा सांगू शकते: बागेची सफाई, रुग्णालयात मदत, वृद्धांची सेवा. काम अपमानाचे नसावे, ही अट आहे. मात्र असे काम यवतमाळहून कोणी पाठवून देणार नाही. वणीतल्याच एखाद्या ग्रंथालयाने किंवा दवाखान्याने त्या मुलाला दारात उभे करायला हवे. खरी अडचण येथेच असते. "चोर पोरगा आमच्याकडे नको," असे म्हणणे फार सोपे आहे.

आणि सायकलवाल्याचे काय? त्याचाही विचार व्हायला हवा. न्यूझीलंड देशात १९८९ साली याविषयी एक कायदा झाला. तेथील मूळ रहिवासी मावरी लोकांची तक्रार होती, की आमच्या मुलांचे निर्णय आम्हांला न विचारताच होतात. नव्या कायद्याने मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो माणूस यांची एकत्र बैठक ठेवली. ज्याची वस्तू गेली, तो मुलासमोर आपले म्हणणे सांगतो. माफी कशी मागायची, भरपाई कशी करायची, हे सर्वजण मिळून ठरवतात. आपल्या कायद्यात अशी बैठक सक्तीची नाही. ती असावी, असे मला वाटते. पण चौकात उभे करून मुलाला मारणे, त्याची धिंड काढणे, ही काही अशी बैठक नव्हे. तो वेगळा गुन्हाच आहे.

मुलाचे नाव किंवा फोटो वर्तमानपत्रात छापायला बंदी आहे. प्रकरण मिटल्यावर काही काळाने त्याची कागदपत्रे नष्ट करतात. पुढे तो मुलगा नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागायला पोलिसांकडे गेला, तर त्या दाखल्यात सायकलीचा उल्लेख येत नाही.