आभासी संगणकावरील लिनक्स व सुसंगततेचे इशारे : स्वरूप आणि अर्थबोध

प्रस्तावना :
एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालविणे आभासीकरण तंत्रज्ञानामुळे शक्य झाले आहे. मूळ यंत्रास यजमान, तर त्यावर चालणाऱ्या कार्यप्रणालीस अतिथी म्हटले जाते. विंडोज सर्व्हरवरील हायपर-व्ही हा यजमान आणि त्यावर लिनक्समध्ये चालणारी 'कोहा' ही ग्रंथालय प्रणाली, अशी रचना महाविद्यालयात सहज संभवते. अशा वेळी अतिथी सुरळीत चालू असतानाही यजमानाच्या नोंदींत सुसंगततेचे इशारे उमटू शकतात. प्रत्येक इशाऱ्याने धास्तावणे अनाठायी आहे. तथापि सर्वांकडे सरसकट दुर्लक्ष करणे अधिक धोक्याचे आहे. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

इशाऱ्यांचे मूळ :
हायपर-व्हीमध्ये यजमान व अतिथी यांच्यातील देवाणघेवाण 'व्हीएमबस' नामक मार्गाने होते. त्यासाठी अतिथीमध्ये विशेष ड्रायव्हर असावे लागतात. मायक्रोसॉफ्टने जुलै २००९ मध्ये अशा ड्रायव्हरच्या सुमारे २०,००० ओळी मुक्त परवान्याखाली लिनक्सला दिल्या आणि डिसेंबर २००९ च्या २.६.३२ या कर्नलमध्ये त्यांचा समावेश झाला. तेव्हापासून हे ड्रायव्हर लिनक्स कर्नलबरोबर, त्याच्या वेळापत्रकानुसार विकसित होत आले आहेत. यजमानाची आवृत्ती मात्र विंडोजच्या क्रमाने पुढे जाते. दोन क्रमांक जुळत नाहीत, म्हणून इशारा उमटतो.

निरुपद्रवी इशारे :
नेटवर्क ड्रायव्हरची आवृत्ती सर्व्हरपेक्षा भिन्न आहे, अशा आशयाची नोंद या प्रकारात मोडते. वस्तुतः अतिथी सुरू होताना तो आपल्याला ज्ञात असलेली सर्वांत नवी संवाद-आवृत्ती प्रथम सुचवितो. यजमानाने ती नाकारल्यास क्रमाने जुनी आवृत्ती सुचविली जाते. उभयमान्य आवृत्ती सापडताच काम सुरू होते. लिनक्स वितरण अधिकृतपणे समर्थित असेल व उपकरणे चालू असतील, तर केवळ क्रमांकातील तफावत चिंतेचे कारण ठरत नाही.

दखल घ्यावयाचे इशारे :
राखीव प्रतीसंबंधीच्या इशाऱ्याचे स्वरूप मात्र वेगळे आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून चालू लिनक्स अतिथीची सुसंगत प्रत घेता येते. त्यासाठी अतिथीमधील 'व्हीएसएस डीमन' हा पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्राम फाइल प्रणाली क्षणभर गोठवितो. हा डीमन स्वतंत्र पॅकेजमधून येतो. डेबियन व रेड हॅट यांमध्ये त्याचे नाव 'हायपरव्ही-डीमन्स' आहे. तो चालू नसल्यास मिळणारी प्रत अकस्मात वीज गेलेल्या यंत्राच्या डिस्कसारखी असते. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद अर्धवट लिहिली जात असतानाच ती प्रत घेतली गेलेली असू शकते. हा दोष दैनंदिन कामात जाणवत नाही. प्रत परत वापरण्याची वेळ येते तेव्हाच तो उघड होतो.

डीमन चालू असला तरी हमी फाइल प्रणालीपुरतीच असते, डेटाबेसच्या व्यवहारांची नव्हे. म्हणून कोहासारख्या प्रणालीत डेटाबेसची स्वतंत्र निर्यात प्रत नियमित घेणे अगत्याचे आहे.

पडताळणीची पद्धत :
प्रथम वितरणाची आवृत्ती समर्थित यादीत आहे काय, ते पाहावे. नंतर अतिथीमध्ये ड्रायव्हर व डीमन चालू असल्याची खात्री करावी. शेवटी राखीव प्रतीवरून एका वेगळ्या, नेटवर्कपासून अलिप्त आभासी यंत्रावर प्रणाली प्रत्यक्ष उभी करून पाहावी.

निष्कर्ष :
सुसंगततेचा इशारा हा दोषाचा निर्णय नसून तपासणीची सूचना असते. आवृत्तीतील तफावत बहुधा सोडून देता येते. राखीव प्रतीविषयीचा इशारा कधीही सोडू नये. ग्रंथालयाच्या अनेक वर्षांच्या नोंदींची सुरक्षितता या विवेकावर अवलंबून आहे.