साथीच्या दिवसांतला गावचा कायदा

पिकावर रोग पडला तर काय करावे हे सांगणे आमचे रोजचे काम. आज मात्र माणसांवर रोग पडतो तेव्हा गावाची घडी कशी विस्कटते आणि ती परत कोण बसवतो, याबद्दल लिहायचे आहे. सिनेमात अशी एक गोष्ट हमखास असते. महामारीने शहरे ओस पडतात, सरकार उरत नाही, आणि एकच शिपाई कमरेला पिस्तूल लावून लुटारूंना वठणीवर आणतो. पाहायला बरे वाटते. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्याने २०२० आणि २०२१ साली जे पाहिले त्यात पिस्तुलाचे काहीच काम पडले नाही.

आधी थोडे मागे जाऊ. साथरोगाचा कायदा आपल्याकडे १८९७ सालचा. मुंबई-पुण्यात प्लेग आला तेव्हा इंग्रज सरकारने तो घाईघाईने केला; जेमतेम चार कलमांचा. पुण्यात त्याचा अंमल रँड नावाच्या अधिकाऱ्याने केला. गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. आजारी माणूस सापडला की उचलून न्यायचा आणि घरातले सामान जाळायचे. लोक घाबरून आजारी माणसे लपवू लागले आणि रोग उलट फैलावला. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ३ जुलैला तो मेला. त्याच पुण्यात, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. प्लेगनेच त्यांना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगाशी लढायला दोघेही निघाले होते. लोकांनी दार कोणाला उघडले असेल, हे सांगायला नको.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. सोबत २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती एवढे अधिकार आले की एका सहीने बाजार बंद, एका सहीने रस्ता बंद. पण डोंगरातल्या पाड्यावर ती सही पोचवणार कोण? तेथे कायदा म्हणजे एकच माणूस, पोलीस पाटील.

जुनी वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. त्याला गणवेश नाही, बंदूक नाही, मानधन तुटपुंजे. तालुक्याचे पोलीस ठाणे घाट उतरून कोसभर नव्हे, कधी कधी दहा कोस लांब. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातेत जातात. टाळेबंदी झाली तशी ही माणसे डोक्यावर बोचके, कडेवर पोर घेऊन पायी परत निघाली. आणि गावोगावी लोकांनी रस्त्यावर बाभळीचे फेस आडवे टाकून ठेवलेले! आपलीच माणसे, आणि आपणच त्यांना वेशीवर अडवतो, असा तो प्रसंग.

अफवांचे तर विचारू नका. पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री चोर समजून जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान अशा तिघांना ठार मारले. टाळेबंदीतच हे घडले. रोग गावात पोचण्याआधी भीती पोचते, आणि भ्यालेल्या गावाला कायद्याची आठवण राहत नाही.

त्या दिवसांत शेतमालाच्या गाड्यांच्या परवानग्यांसाठी आमची धावपळ चालू होती. शहाद्याकडची पपई झाडावर पिकून गळत होती, गिऱ्हाईक नाही, ट्रक नाही. अशाच एका फेरीत अक्राणीतल्या एका पाड्यावर मी तेथल्या पोलीस पाटलाला गाठले. पन्नाशीचा गृहस्थ, हातात बांबूची काठी, तोंडाला बायकोचे फडके. सुरतेहून आलेली अकरा माणसे त्याने जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवली होती. गावातली तरुण पोरे म्हणत होती, त्यांना नदीपलीकडेच ठेवा. हा म्हणाला, "चौदा दिवस शाळेत राहतील, पण उपाशी नाही राहणार." रोज दोन घरांनी भाकरी द्यायची आणि ती पायरीवर ठेवून मागे फिरायचे, असा नेम त्याने लावून दिला. पहिल्या दिवशी पाळी स्वतःच्या घराची धरली. मग कोणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. सरकारी भाषेत याला 'सुव्यवस्था' म्हणतात.

आता जिल्ह्याकडे वळू. त्या वेळी डॉ. राजेंद्र भारूड जिल्हाधिकारी होते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातला हा मुलगा. वडील जन्माआधीच गेलेले, आईने मोहाची दारू विकून वाढवले. शिक्षण आपल्याच अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात, पुढे मुंबईत डॉक्टरी, आणि मग २०१३ च्या तुकडीत भारतीय प्रशासन सेवा. डॉक्टर असल्याने रोगाची चाल त्यांना कळत होती. पहिली लाट ओसरत असताना सगळे निर्धास्त झाले होते, तेव्हा परदेशात दुसरी लाट उसळताना त्यांनी पाहिली आणि ती आपल्याकडेही येणार असे धरून चालले. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयात प्राणवायू तयार करणारे पहिले यंत्र बसले. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी दोन बसली. एकेकाचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये, आणि तिन्ही मिळून मिनिटाला १८०० लिटर प्राणवायू.

हे यंत्र आपल्याला समजण्यासारखे आहे. हवेत शंभरात सुमारे ७८ भाग नत्रवायू आणि २१ भाग प्राणवायू असतो. यंत्र हवा दाबून झिओलाइट नावाच्या खड्यांमधून सोडते. दाबाखाली हे खडे नत्रवायू धरून ठेवतात, प्राणवायू पुढे जातो. दाब सोडला की खडे नत्रवायू टाकून देतात आणि पुन्हा कामाला तयार होतात. चाळणीने धान्य निवडावे तसेच हे. टँकरची वाट पाहावी लागत नाही. वीज आणि देखभाल मात्र चोख लागते.

एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडर खांद्यावर घेऊन रडत फिरत होते, तेव्हा नंदुरबारच्या रुग्णालयात नळीतून प्राणवायू येत होता. शेजारच्या राज्यांतलेही रुग्ण येथे आले. ऐन भरात जिल्ह्यात दिवसाला सुमारे १२०० नवे रुग्ण सापडत होते. महिनाअखेरीस तो आकडा ३०० च्या आसपास आला. मला स्वतःला यंत्रापेक्षाही एक साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते. रुग्णालयात काही परिचारिकांना एवढेच काम दिले होते, की ठरावीक तासांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन कोणाला किती प्राणवायू लागतो ते पाहायचे आणि जादा सुटत असेल तर तोटी कमी करायची. पाटाचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचावे म्हणून आपण बांधावर उभे राहतो, त्यातलाच हा प्रकार.

सगळे एकट्या माणसाने केले असे वर्तमानपत्रांत छापून आले. त्यांची दूरदृष्टी मोठी, यात शंका नाही. पण सातपुड्यात लस नेली ती गाड्यांतून परिचारिकांनी, आणि घरोघरी समजूत घातली ती शिक्षकांनी, आशाताईंनी. सरदार सरोवराच्या फुगवट्यातल्या पाड्यांना रस्ताच नाही. तेथे होडीच लागते. २०२० साली टाळेबंदीत बालकांचा आहार पोचवण्यासाठी एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवली. आणि सुई म्हणजे मरण, असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच भिलोरीत, पावरीत बोलणारे कोणी भेटले तेव्हाच बाह्या वर झाल्या.

साथीत कायदा राबवण्याचा आपल्या जिल्ह्याला आधीचा अनुभवही होता. देशात कोंबड्यांचा बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ च्या फेब्रुवारीत, माणसांची साथ चालू असतानाच, नवापुरावर तीच पाळी पुन्हा आली. आजारी पक्षी लपवला तर आजूबाजूच्या सगळ्या शेडांचे नुकसान, आणि दाखवला तर आपले. मालकाने दाखवावा असे वाटत असेल तर भरपाई वेळेवर हाती पडली पाहिजे. नुसत्या दंडुक्याने पक्षी बाहेर येत नाहीत.

राहता राहिली ती यंत्रे. साथ सरली की अशा यंत्रांकडे दुर्लक्ष होते. बंद पडून राहिले आणि दमट हवा आत गेली तर ते खडे निकामी होतात. गंजक्या फवारणी पंपासारखीच गत. आपल्या जवळच्या रुग्णालयात यंत्र असेल तर ते महिन्यातून किती वेळा चालवून पाहतात आणि वीज गेली तर जनित्राला डिझेल आहे का, एवढे पुढच्या ग्रामसभेत विचारून घ्या. पोलीस पाटील तेथे असतीलच.