यंत्र मोठे की माती मोठी?



जमीन कोणत्या यंत्राने दाबावी, हा आजचा विषय थोडा रुक्ष आहे. परंतु नेरच्या परिसरात ज्याने स्वतःचे घर बांधले, किंवा वावराकडे जाणाऱ्या पांदणीत ज्याची बैलगाडी आसापर्यंत रुतली, त्याला तो रुक्ष वाटू नये. उन्हाळ्यात केलेला भराव पावसाळ्यात खचतो, फरशी पोकळ वाजू लागते, भिंतीला तिरपी चीर जाते. मग बोल लागतो तो गवंड्याला, नाहीतर सिमेंटला. मातीची आणि ती दाबणाऱ्या यंत्राची चौकशी कोणी करीत नाही.

दबाई म्हणजे मातीच्या कणांमधली हवा बाहेर काढून कण जवळ आणणे. १९३३ साली अमेरिकेत प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने मातीच्या धरणांच्या कामावरून एक गोष्ट दाखवून दिली. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. फार ओली असेल तर कणांमधली जागा पाणीच अडवून बसते. या दोहोंमध्ये ओलाव्याचे एक प्रमाण असे असते की, तेवढ्याच श्रमात माती सर्वांत घट्ट बसते. मुरमाला हे पाणी थोडे लागते, काळ्या मातीला पुष्कळ. तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे, मातीचा आहे.

आता मातीची दोन कुळे पाहू. पहिले कुळ सुट्या कणांचे: वाळू, गिट्टी, भरड मुरूम. पायलीत ज्वारी भरताना पायली हलविली की ज्वारी खाली बसते आणि आणखी मूठभर मावते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या कुळाला हादरा मानवतो. म्हणून घराच्या जोत्यातील मुरमाच्या भरीला प्लेट कॉम्पॅक्टर आणि रस्त्याला व्हायब्रेटर रोलर योग्य.

दुसरे कुळ चिकणमातीचे. हिचे कण एकमेकांना धरून बसतात. नुसत्या हादऱ्याने ते सुटत नाहीत. कणीक परातीत हलवून कोणी मळत नाही, ती मुठीने तिंबावी लागते. जुन्या काळी तलावाच्या पाळीवर गुरे फिरवीत, त्यातले मर्म हेच. खुरांची जागा पुढे शीपफूट रोलरने, म्हणजे लोखंडी खुंट्या बसविलेल्या रुळाने घेतली. आरंभी त्याच्या खुंट्या मातीत खोल जातात. थर तळापासून घट्ट होत आला की त्या वर वर राहू लागतात. काम झाल्याची ही खूण निरक्षर मजुरालाही वाचता येते.

तिसरा विचार जागेचा. पाइपाच्या चरात किंवा पायाच्या कोपऱ्यात रोलर शिरणार कसा? तेथे पूर्वी हाताची धुम्मस चाले. आज तिचेच काम इंजिनावर उड्या मारणारा रॅमर करतो. जुन्या मातीच्या भिंतीला लागून मात्र हादऱ्याचा मोठा रोलर चालवू नये. भराव बसेल आणि भिंत तडकेल.

यंत्र कोणतेही असो, थर पातळ हवा. ८ ते १० टनी व्हायब्रेटर रोलरखालीसुद्धा दाबून झालेला थर २० सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा, असा आपल्याकडील रस्तेकामाचा संकेत आहे. लहान यंत्राला थर त्याहून पातळ लागतो. तीन फूट भर एकदम ओतून वरून रोलर फिरविला, तर वरची साय घट्ट होते आणि खाली भुसभुशीतच राहते. खचते ते हे खालचे.

आता आपल्या काळ्या मातीकडे येऊ. ही पाण्याने फुगते, उन्हाने आटते. वैशाखात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. सामान्य समजूत अशी की, माती अवघड म्हणून रोलर अधिक जड आणावा. येथेच घात होतो. ही माती कोरडी ठेवून फार दाबली, तर तेवढ्याच जागेत फुगणारे कण अधिक कोंबले जातात, त्यांची पाण्याची तहानही शिल्लक राहते, आणि पहिल्या पावसात ती अधिक जोराने फुगते. म्हणून काळी माती भरावात घ्यावीच लागली, तर ओलावा किंचित जास्त ठेवून ती बेताने दाबावी. रस्त्याच्या अगदी वरच्या थरात आणि घराच्या जोत्यात ती घेऊच नये.

तिच्यावर नुसती वाळू पसरणे हाही उपाय नव्हे, कारण वाळूतून पाणी खाली उतरते. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखविले की, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर वर दाबून बसविला, तर खालच्या काळ्या मातीची उचल आवरते. कालव्यांच्या कामांत ही रीत पुढे रूढ झाली. चिकटपणा असलेला मुरूम या कामी येऊ शकतो. मात्र तो फुगत नाही, याची परीक्षा आधी करून घ्यावी.

तात्पर्य, यंत्र भाड्याने आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे: माती कोणत्या कुळाची? ओलावा किती? थर किती जाड? जागा किती मोकळी? मूठभर माती दाबून पाहावी. गोळा फुटून भुगा झाला तर पाणी कमी, तळहात ओला झाला तर जास्त. ही अजमावणी प्रयोगशाळेची जागा घेणार नाही, पण तिला एक पैसाही लागत नाही. घर आयुष्यात एकदा बांधायचे असते. यंत्राचा आवाज ऐकून समाधान मानू नका. आधी मूठभर माती हातात घ्या.